बदलून टाका म्हणे!

तर झालं असं की, आमच्या साताऱ्याच्या गाडीनं पावणेदोन वर्षांत दोन कोऱ्या बॅटऱ्या खाल्ल्या. गाडी म्हणजे मारुती ८००, २००४ची, पांढरी (आता हस्तिदंती म्हणा), आणि ती बाबांची आहे. माझी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून 'हा जुन्या गाड्यांचा शौकीन दिसतोय' असा तुमचा समज होईल. तसला काही शौक मला नाही. मी सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या सिस्टिममधल्या चुका शोधतो आणि शनिवार-रविवारी शक्यतो काहीही शोधत नाही, टीव्हीचा रिमोटसुद्धा. पण गेल्या महिन्यात एका शनिवारी मी एक तुटलेली वायर शोधली आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. ते इथे उतरवून काढतो. कुणाला लागलं तर लागू दे. सगळ्यात आधी मलाच लागलेलं आहे.

बाबा ७३ वर्षांचे. गाडी गावातल्या गावात चालवतात. मंडई, बँक, आणि मंगळवार-शुक्रवार आईला फिजिओथेरपीला नेणं. एका शुक्रवारी फिजिओथेरपीच्या दवाखान्याबाहेर गाडीनं नुसतं 'कट्' केलं आणि गप्प. आई गुडघ्याला पट्टा बांधून अर्धा तास उन्हात. मग कुणीतरी केबल लावून गाडी सुरू करून दिली आणि गॅरेजवाल्यानं निदान केलं, "बॅटरी गेली काका, बदलून टाका." टाकली. चार महिन्यांनी पुन्हा 'कट्'. बॅटरीच्या दुकानात वॉरंटीचं विचारलं तर म्हणे बॅटरी पार खाली जाऊन खराब झालीय, हे वॉरंटीत बसत नाही, "काका दिवे चालू ठेवत असतील रात्रभर." दुसरी बॅटरी. तीही वर्षभरात मान टाकायला लागली.

मधे मी दोनदा साताऱ्याला गेलो. दोन्ही वेळा गाडी घेऊन हायवेला पुण्याच्या दिशेनं पन्नास किलोमीटर जाऊन आलो, रात्री लावून ठेवली, सकाळी चावी फिरवली. एका झटक्यात सुरू. आता तुम्हीच सांगा, मुलानं चालवली की गाडी ठणठणीत आणि बाबांनी चालवली की आठवड्यात बॅटरी डाऊन, तर यातला खराब पार्ट कोणता? आम्ही दोघा भावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाच मिनिटांत निकाल लावून टाकला. दादा म्हणाला, बाबांचं आता विसरणं वाढलंय, गाडी विकून टाकू, हवं तेव्हा रिक्षा बोलावतील. मी अंगठा पाठवला. हो, अंगठाच.

बाबांना हे शब्दांत कुणी सांगितलं नाही, पण त्यांना कळलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा स्टिअरिंगच्या मधोमध एक पांढरी चिठ्ठी डिंकानं चिकटवलेली होती. त्यावर त्यांच्या त्या वळणदार मास्तरी अक्षरात एकच शब्द होता: 'दिवे?' गाडी लावून झाल्यावर ते तिच्याभोवती दोनदा फिरायचे. पुढचे दिवे, मागचे दिवे, आतला दिवा. आणि तरीही चौथ्या-पाचव्या दिवशी बॅटरी बसायची. माणसाला स्वतःवर शंका घ्यायला लावायची असेल तर याहून चांगली युक्ती नाही.

आता यातली खरी गंमत ऐका (गंमत कसली!). बाबांनी आजार पहिल्या दिवशीच सांगितला होता. गॅरेजवाल्याला सांगितला, मला फोनवर दोनदा सांगितला. "अरे, पूर्वी चावी फिरवली की तो बॅटरीचा लाल दिवा लागायचा आणि गाडी सुरू झाली की विझायचा. हल्ली तो लागतच नाही." गॅरेजवाला म्हणाला, "लागत नाही ते चांगलंच आहे की काका, लागला की प्रॉब्लेम." मी, पंधरा वर्षं सिस्टिम डीबग करून पोट भरणारा शहाणा, मीही शब्दशः हेच म्हणालो.

आपल्या धंद्यात ज्यांनी रात्री जागवल्यात त्यांनी इथे कपाळाला हात लावला असेल. डॅशबोर्ड हिरवागार, एकही अलर्ट नाही, आणि खाली सगळं जळतंय, कारण अलर्ट पाठवणारी प्रोसेसच तीन दिवसांपूर्वी मेलेली. हे मी स्वतः भोगलंय, त्यावर टीममध्ये भाषण दिलंय, 'अलार्म वाजत नसेल तर अलार्म जिवंत आहे का ते आधी बघा' असं लिहिलेली स्लाइड आहे माझी! ऑफिसात ही अक्कल वापरतो आणि पार्किंगमध्ये आलो की ती लॅपटॉपच्या बॅगेत ठेवून देतो.

असो. तो शनिवार.

गाडी विकायची ठरलीच होती. गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून मी बॅटरी चार्ज करून ठेवायला गेलो होतो. चारशे रुपयांचा एक मल्टिमीटर सोबत होता, तोही शेजारच्या डिप्लोमा करणाऱ्या मुलाचा. सहज म्हणून बॅटरीला लावला. गाडी बंद असताना १२.४ व्होल्ट, ठीक. गाडी सुरू केली. आता आकडा साधारण १३.८ ते १४.४च्या मधे कुठेतरी जायला हवा, कारण सुरू गाडीत आल्टरनेटर (गॅरेजच्या भाषेत डायनामो) बॅटरी भरत असतो. माझा आकडा १२.१ आणि हळूहळू खाली. म्हणजे चार्जिंग होतच नव्हतं. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन जोरात फिरवलं आणि आकडा टुणकन १४.२! पाय काढला तरी १४.१. गाडी बंद करून परत सुरू केली: १२.१. पुन्हा रेस केली: १४.२. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. मी तिथेच फरशीवर बसलो. बग रिप्रोड्यूस झाला होता, आणि बाबा निर्दोष होते.

हे का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. आल्टरनेटरला वीज बनवायला आत एक चुंबक लागतं आणि ते विजेचं चुंबक असतं. म्हणजे वीज बनवायला आधी थोडी वीज हवी. आमच्या गाडीवर जो आल्टरनेटर बसवलेला आहे त्याला ही पहिली चिमूटभर वीज बॅटरीकडून, इग्निशनच्या चावीतून, डॅशबोर्डवरच्या त्या लाल दिव्यातून आणि मग एका बारीक वायरीतून मिळते. (हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत हे काम वेगळ्या पद्धतीनं होतं.) दिव्यातून करंट वाहतो म्हणून चावी फिरवली की दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन आल्टरनेटर स्वतः वीज द्यायला लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो, म्हणून दिवा विझतो. म्हणजे तो दिवा नुसता चुगलखोर नाही, तो स्टार्टही देतो. ती बारीक वायर तुटली तर दिवा लागत नाही आणि आल्टरनेटरही जागा होत नाही. मात्र लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं, त्यामुळे इंजिन पुरेसं जोरात फिरवलं तर तो आपणहून जागा होतो आणि गाडी बंद करेपर्यंत जागाच राहतो.

मी हायवेला जायचो. ओव्हरटेक करताना एकदा पाय दाबला की चार्जिंग सुरू, ते परत येईपर्यंत. बाबा मंडईला जायचे, तिसरा गिअर, वेग तीस. इंजिनाला कधी ओरडू दिलं नाही त्यांनी बावीस वर्षांत. त्यांचा गुन्हा एवढाच की ते गाडी जपून चालवत होते.

आणि गॅरेजवाल्याची टेस्ट आठवली तर आणखी चिडायला होतं. त्यानं काय केलं होतं? इंजिन सुरू ठेवून, जरा रेस करून बॅटरीची एक केबल काढली. इंजिन चालूच राहिलं. "बघा, आल्टरनेटर ओके." रेस केल्यावर तो जागा होणारच होता की! ही टेस्ट दिसायला फार रुबाबदार असते, पण चालू इंजिनावर बॅटरी काढली की व्होल्टेज उसळतं आणि इंजिनाचा कॉम्प्युटर त्यात जाऊ शकतो. २००४च्या ८००मध्येसुद्धा तो आहे. तुमच्या गाडीला कुणी हे करत असेल तर हात धरा त्याचा.

आता वायर शोधणं. इथे मीही शेण खाल्लं, ते लपवत नाही. आल्टरनेटरला दोन मुख्य जोडण्या: एक जाड वायर थेट बॅटरीकडून आलेली (तिला चुकूनही बॉडीला टेकवू नका, ठिणग्यांचा पाऊस पडेल आणि वर आग) आणि दुसरी ती दिव्याची बारीक. मी बारीक वायरीचं कपलर काढलं, चावी ऑन केली, मल्टिमीटर लावला. १२.२ व्होल्ट! चला, वायर शाबूत आहे. म्हणजे आल्टरनेटरच गेलेला. पिन घासली, कपलर परत लावलं, फरक नाही. गॅरेजला फोन केला, रीकंडिशन केलेला आल्टरनेटर बसवून साडेसहा हजार. "बदलून टाकू, साहेब." मी 'हो' म्हणायच्या बेतात होतो.

जेवताना बाबांनी भात कालवता कालवता विचारलं, "पण मग दिवा का लागत नाही?"

खरंच की. आल्टरनेटर मेलेला असला तरी वायर चांगली असेल तर तिचं टोक बॉडीला टेकवल्यावर दिवा लागायलाच हवा. बॅटरी, चावी, दिवा, वायर, बॉडी, सर्किट पूर्ण. यात आल्टरनेटर येतोच कुठे? तसाच उष्ट्या हातानं खाली गेलो (आई ओरडली). टोक बॉडीला टेकवलं. मधे दिवा आहे, त्यामुळे या वायरीच्या बाबतीत हे चालतं. दिवा लागला नाही. म्हणजे मल्टिमीटर खोटं बोलला? तसंही नाही, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. मल्टिमीटर वायरीतून जवळपास काहीच करंट ओढत नाही. तांब्याचा एक तंतू, किंवा नुसती ओलसर हिरवी गंजपूड जरी मधे शिल्लक असली तरी तो सुखानं १२ व्होल्ट दाखवतो. बीप वाजवणाऱ्या टेस्टचंही तेच. काम करताना लागणारा करंट त्या एका तंतूतून जातो का, हे बघायला खरा भार लावावा लागतो, एखादा बल्ब. सर्व्हर पिंगला उत्तर देतो आणि लॉगिन होत नाही, तसलाच प्रकार.

मग मीटर कन्सोल उघडायला स्क्रू ड्रायव्हर घेतला, बल्ब तपासावा म्हणून. आणि थांबलो. अडीच-तीन मीटर वायर, एक टोक आत, एक बाहेर. आपण 'गिट बायसेक्ट' करताना काय करतो? मधे बघतो. गाडीलाही फायरवॉल असते बरं का, खरीखुरी, इंजिन आणि तुमचे पाय यांच्यामधली पत्र्याची भिंत. तिच्यातून रबरी ग्रोमेटमधून वायरींचा जुडगा बाहेर येतो आणि आमच्या गाडीत तिथे जवळच एक कपलर आहे. त्याच्या मागून टाचणी घालून ती पिन बॉडीला जोडली, आणि बाबा आतून ओरडले, "लागला!" एका झटक्यात फ्यूज, चावी, बल्ब, डॅशबोर्डमागचं सगळं जाळं निर्दोष सुटलं. मीटर उघडला असता तर दोन तास आणि तीन प्लास्टिकच्या खुंट्या गेल्या असत्या.

उरली दीड मीटर. रंगावर जाऊ नका म्हणून सांगतो, काजळीनं सगळ्या वायरी एकाच रंगाच्या झाल्या होत्या. टाचणी वरच्या आवरणातून टोचत गेलो. इथे लागला. इथे लागला. आणि जिथे जुडगा बॉडीचा आधार सोडून इंजिनाकडे वळतो, त्या वळणाच्या पलीकडे नाही लागला. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, सुरू होताना आणि बंद होताना झुलतं, बॉडी झुलत नाही. बावीस वर्षं रोज चार-पाच वेळा ती वायर त्याच वळणावर वाकत होती. वरून बघाल तर एक ओरखडा नाही. दोन्ही बाजूंनी धरून हलकेच ओढली तर ती रबरासारखी ताणली गेली. आत तांबं असलेली वायर ताणत नाही. कापली तर आतून हिरवी-काळी भुकटी सांडली.

दुरुस्तीला फार काही नाही. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. खराब तुकडा दोन्ही बाजूंनी चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत गेलो (एका बाजूला जवळजवळ वीतभर काळं निघालं). त्याच जाडीचा नवा तुकडा, थोडा झोल ठेवून. सोल्डर, वर हीट श्रिंकची नळी. काळी टेप नको, इंजिनाच्या उष्णतेनं तिचा डिंक पाघळतो आणि दोन वर्षांनी परत तेच. जोड वळणावर येऊ दिले नाहीत, सोल्डर केलेली जागा ताठ होते आणि वाकवली की तिच्या कडेलाच तुटते. टाचणीची भोकं बुजवली. वायर, नळी, सोल्डर मिळून ८० रुपये.

आता भांडणाकडे येतो.

'बदलून टाका' हे आपल्याकडे निदान समजलं जातं. ते निदान नाहीये. तो अंदाज आहे, आणि अंदाज चुकला तर त्याचे पैसे गिऱ्हाईक भरतं. बॅटरी बदलली, नाही झालं. आल्टरनेटर बदला. मग 'पूर्ण वायरिंग सेट बदला'. कधीतरी नेम लागतो, किंवा बदलताना चुकून तीच वायर हलते आणि दोन महिने गाडी चालते, आणि सगळे खूष. नव्या गाडीत स्कॅनर लावतात म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. पी-०११८ हा कोड घ्या. त्याचा अर्थ, इंजिनाच्या कूलंटचं तापमान सांगणाऱ्या सर्किटमध्ये सिग्नल वाजवीपेक्षा जास्त येतोय. सेन्सर बिघडला तरी हा कोड येतो, सेन्सरची वायर तुटली तरी हाच. कोडमध्ये 'सर्किट' लिहिलंय, आणि बिलावर येतो सेन्सर. स्कॅनर कुठल्या गल्लीत आग आहे ते सांगतो. घर शोधायला चालतच जावं लागतं.

गॅरेजवाल्यांना शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. मीही आठवडाभर तेच केलं. मग हिशेब मांडला. त्यानं माझ्यासारखे चार तास घालवून ती वायर शोधली असती आणि माझ्या हातात 'शोधणे: १,५०० रुपये, वायर: ८० रुपये' असं बिल ठेवलं असतं, तर मी काय केलं असतं? "काही बदललं नाही आणि दीड हजार कसले?" म्हणून तमाशा केला असता. तुम्हीही केला असता. बॅटरीला चार हजार मात्र निमूट देतो, कारण हातात काहीतरी जड वस्तू येते. शोधण्याच्या कामाची किंमत आपण शून्य ठरवून ठेवली आहे. शहाणा मेकॅनिक शून्य किमतीचं काम का करेल? तो पार्ट विकेल, त्यात त्याला चार पैसे सुटतात. आणि हेच आपण, क्लायंटला महिन्याअखेरीस 'इन्व्हेस्टिगेशन: ६ तास' असं डॉलरमध्ये लावतो तेव्हा लाज वाटत नाही! कोडमध्ये बदल काय केला? एक ओळ. सहा तास कसले? शोधले, महाराज. ती एकच ओळ आहे हे शोधायला सहा तास लागले.

दुसरा दोष वरच्या मजल्यावर आहे. गल्लीतल्या मेकॅनिकला गाडीचा वायरिंगचा नकाशा मिळतो का? भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ला १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, तो नेमक्या याच प्रकरणात. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोचू दिली जात नाहीत, यासाठी. दंडावर पुढे अपिलं झाली. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलंय. पण आपल्यापैकी किती जणांनी ते उघडून पाहिलंय? फोनची स्क्रीन जोडून मिळत नाही म्हणून ट्विट करतो, आणि पुढच्या महिन्यात नवा फोन घेतो.

"माझ्या तासाचा रेट बघता चार तास वायर शोधणं परवडत नाही," हे मला तीन मित्रांनी ऐकवलं. बरं. शनिवारी दुपारी दोन ते सहा तुमच्या तासाला कोण पैसे देत होतं? त्या वेळात आपण ज्या वेब सिरीज बघतो त्यांचा रेट काय? तुम्ही स्वतःच शोधा असा माझा हट्ट नाही. पैसे देऊन शोधून घ्या. पण शोधायला सांगा. 'काय बदलायचंय?'च्या आधी 'कशावरून?' विचारा. बॅटरी बदलायला सांगितली तर चालू इंजिनावर आकडा किती ते विचारा, आयडलला किती, रेस केल्यावर किती. पाच मिनिटांचं काम आहे. आणि नीट शोधून देणारा ऑटो इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला शोधण्याचे वेगळे पैसे द्या, न मागता.

जुनी गाडी ठेवण्याचं समर्थन मी करतोय असंही नको. ८००ला एअरबॅग नाही, हायवेला आता तिनं जाऊ नये असं बाबांनाही पटलंय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी, फी, पर्यावरण कर, हे सगळं भरून आमची नोंदणी २०२४मध्ये वाढली. वीस वर्षांवरच्या मोटारींची नूतनीकरणाची फी २०२५मध्ये ५,००० वरून १०,००० झाली, तेव्हा २०२९मध्ये पुन्हा विचार करू. विकायचीच वेळ आली तर तेव्हा विकू. पण ८० रुपयांच्या वायरीपायी, दिवा कुणी बघितला नाही म्हणून, आणि एका माणसाला विसराळू ठरवून विकायची?

हे शेवटचं मला सगळ्यात जास्त खातंय. पार्ट बदलण्याची सवय माणसांपर्यंत येते. टीममधला एखादा जण सारखा चुकतोय, बदला. टेस्ट अधूनमधून फेल होते, पुन्हा चालवा, पास झाली की पुढे. सर्व्हर अडकतो, रोज रात्री तीनला रीस्टार्ट करणारी स्क्रिप्ट लावा. (आमच्याकडे अशी एक आहे. ती लिहिणारा कंपनी सोडून गेला, स्क्रिप्ट चालूच आहे, आणि आता ती बंद करायची कुणाची हिंमत नाही.) बाबांच्या बाबतीत आम्ही एकही मोजमाप केलं नाही. एकाही रात्री कुणी जाऊन दिवे चालू आहेत का ते बघितलं नाही. लक्षणं जुळली, वय जुळलं, निकाल तयार.

त्या संध्याकाळी दादाला फोन केला. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाला, "मग विकायची नाही म्हणतोस?" मी म्हटलं, गिऱ्हाईकाला नको सांगितलंय. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यानं बाबांना फोन द्यायला सांगितला. ते दोघं काय बोलले मला माहीत नाही, मी हात धूत होतो, ग्रीस निघत नव्हतं.

काम संपल्यावर चावी बाबांनीच फिरवली होती. लाल दिवा लागला. त्यांनी लगेच स्टार्ट मारला नाही, दिव्याकडे बघत बसले. मग "हं" म्हणाले. सुरू केली, दिवा विझला, मी बाहेरून ओरडलो, "चौदा पॉइंट एक!" त्यांनी मान डोलावली. स्टिअरिंगवरची ती चिठ्ठी काढायला मी नख लावलं तर म्हणाले, "राहू दे रे."

परवा मंगळवारी आईला घेऊन गेले होते. चिठ्ठी अजून आहे.